अमेरिकेत शाळा-ग्रंथपालाचं मास्टर्स: नागपूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नागपुरात अनुदानित शाळेत ग्रंथपाल आहात, ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झालंय. अमेरिकेत शाळा-ग्रंथालयाचं मास्टर्स करून विदर्भातल्या ग्रंथपालांना प्रशिक्षण द्यायचं आहे, आणि जमलंच तर इकडे अमेरिकेतच नोकरी. मी मूळची नागपूरच्याच धंतोलीची, आता टेक्सासात शाळेची ग्रंथपाल. सरळ सांगते: प्रशिक्षण द्यायचं असेल तर देश सोडायची गरज फारशी नाही, आणि नोकरी हवी असेल तर रस्ता बराच लांबचा आहे.

नोकरीचं आधी उरकते. इथे शाळेचा ग्रंथपाल हा शिक्षकच धरला जातो, आणि परवान्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. टेक्सासात मास्टर्स, मान्यताप्राप्त तयारी-अभ्यासक्रम, राज्याची परीक्षा आणि वर्गात दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव, एवढं सगळं लागतं. ग्रंथपाल म्हणून तुमची वर्षं कितीही असोत, वर्गात शिकवल्याचा हिशेब वेगळा होतो. शिवाय पदं टिकतीलच असं नाही. २०२३ मध्ये राज्याने ह्यूस्टनच्या शाळांचा कारभार हातात घेतल्यावर तिथल्या अनेक शाळांमधली ग्रंथपालांची पदंच गेली. २०२५ च्या नव्या कायद्याने पुस्तक-खरेदीत स्थानिक स्कूल बोर्डाचा आणि पालकांचा हात आणखी वाढला. व्हिसा पुरस्कृत करून बाहेरून ग्रंथपाल आणायला शाळा सहसा उत्सुक नसतात. तेव्हा नोकरीच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आता व्हिसाची गोम, जी एजंट सांगत नाहीत. ग्रंथालयशास्त्राचे इथले कितीतरी अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन असतात. सॅन होजे स्टेटचा तसाच आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर मात्र पूर्णवेळ शिक्षणात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स मोजला जातो. म्हणजे ऑनलाइन मास्टर्ससाठी तो व्हिसा मिळतच नाही. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आले होते, म्हणून मला ऑनलाइन चाललं. तुम्हाला यायचंच असेल तर वर्गात बसून शिकवणारं विद्यापीठ शोधा, आणि त्याला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता आहे का ते आधी पाहा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता करायचं सहायकाचं काम, मिळाली तर फीचा भार हलका होतो. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं.

या शिक्षणात घेण्यासारखं काय आहे? डीडीसी, म्हणजे पुस्तकांचं ड्युई वर्गीकरण, नाही, कॅटलॉगिंगही नाही, ते तुम्हाला येतंच. घेण्यासारखी आहे शिकवण्याची रीत. सत्राच्या सुरुवातीला काही प्राध्यापक एक कागद भरायला देतात: तुमच्या कामातली कुठली अडचण घेऊन बसणार, ती सोडवायला काय शिकणार, कसं शिकणार, आणि शिकलात याचा पुरावा काय दाखवणार. हा शिक्षण-करार. त्याच्या मुळाशी प्रौढशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांचा विचार आहे, की मोठी माणसं समोरची अडचण सुटावी म्हणून शिकतात, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून नव्हे. सत्रभर वाचन, गृहपाठ, चर्चा सगळं त्या एका अडचणीभोवती फिरतं. आणि ती अडचण तुमच्या शाळेतली, तुमच्या पोरांची असावी लागते. नोकरी सोडून इथल्या वसतिगृहात बसलात तर करारात लिहिणार काय? इंटर्नशिपची शाळा मिळेलही, पण ती परक्याची, आणि थोड्याच दिवसांची.

म्हणून माझं मत असं, की करायचंच तर नागपुरात राहून ऑनलाइन करा. फी डॉलरमध्येच भरावी लागेल, ती झळ आहेच. टेक्सासात संध्याकाळी सातचा वर्ग उन्हाळ्यात तुमच्याकडे पहाटे साडेपाचला येतो. सकाळपाळीची शाळा असेल तर ओढाताण होईल.

पण डिग्रीची वाट न पाहताही सुरुवात करता येते. आपल्याकडचं प्रशिक्षण तुम्हाला ठाऊक आहे: दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, एक लांबलचक व्याख्यान, ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक, जेवण, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. सोमवारी ग्रंथालयाची तासिका पुन्हा ऑफ तासिकेत जाते ती जातेच. त्यापेक्षा नागपुरातल्याच बर्डी-महालातल्या चार-पाच ग्रंथपालांना गोळा करा आणि प्रत्येकीला स्वतःचा एकच प्रश्न आणायला सांगा. उदाहरणार्थ, आठवीचे पोट्टे प्रकल्पाची तयार प्रिंट झेरॉक्सवाल्याकडून का आणतात?

यावर रटगर्स विद्यापीठातल्या कॅरल कुल्थाऊ यांचं काम उपयोगी आहे. माहिती शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना काय काय वाटतं, तेही त्यांनी अभ्यासलं. विषय निवडला की मूल खुशीत असतं. शोधायला लागलं, की चार पुस्तकं चार गोष्टी सांगतात आणि ते गोंधळतं, हताश होतं. झेरॉक्सचं दुकान नेमकं तेव्हाच आठवतं. मग ग्रंथपालाने मदतीला यायचं ते त्याच आठवड्यात. पुस्तक देण्याआधी मुलाकडून प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर त्याचे स्वतःचे तीन प्रश्न लिहून घ्या. आठवड्याने त्याच पानावर ‘आता कुठे अडलंय’ हे लिहायला लावा. महिन्याने तुम्ही पाचजणी ती पानं समोर ठेवून बसा आणि नंतर एकमेकींच्या तासिका जाऊन बघा. अमेरिकेतल्या शाळा-ग्रंथपालांच्या संघटनेने २०१७ च्या अखेरीस काढलेली मानकंही सोबत ठेवा. त्यांत जी अपेक्षा विद्यार्थ्याकडून, तीच ग्रंथपालाकडून आणि ग्रंथालयाकडूनही, असे तीन भाग आहेत.

हे करून पाहिल्यावरही यायचं ठरलं, तर नागपूर विद्यापीठातून सर्व वर्षांच्या ट्रान्सक्रिप्ट (गुणांचे अधिकृत उतारे) सीलबंद काढून ठेवा, आणि व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला जायचं आहे हे धरून रजेचं बघा. अर्जातल्या निबंधाची सुरुवात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांनी करू नका; आपल्याकडचे बहुतेक अर्ज तिथूनच सुरू होत असावेत. त्या पाचजणींच्या बैठकीत काय फसलं, ते लिहा. मसुदा झाला की पाठवा, मी वाचेन.