इंजिन बंद पडतंय खरं, पण दुखणं टाकीत आहे

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मित्राबरोबर अर्धी-अर्धी जुनी २६ फुटी शिडाची बोट घेतलीत, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, बोट अलिबागजवळ रेवसकडे खाडीत नांगरलेली, पंधरा दिवसांतून एकदा जाणं होतं. इंजिन खाडीत मस्त चालतं, बाहेर जरा लाटा लागल्या की वीसेक मिनिटांत आचके देत बंद पडतं, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. मेकॅनिक म्हणतो एफआय पंप, म्हणजे नोझलकडे दाबाने डिझेल ढकलणारा पंप गेला, पंचेचाळीस हजार लागतील. शिवाय दर वेळी गेलं की तळात पाणी साठलेलं आणि बॅटरी झोपलेली.

पहिलं म्हणजे त्या पंपाला कोणाला हात लावू देऊ नका. गेलेला पंप सहसा दहा मिनिटं आराम करून बरा होत नाही हो. जे थांबल्यावर आपोआप सुटतं ते कुठेतरी आधी अडकलेलं असतं, आणि तुमचं लाटेत अडकतंय, म्हणजे टाकीत काहीतरी हलतंय.

आपली नाशिककरांची अडचण कशी आहे बघा, बोट आपण वापरून खराब करतच नाही, ती नुसती उभी राहून खराब होते. कसारा घाट उतरून पुढे मुंबईची ट्रॅफिक आणि मग गाड्या नेणारी रो-रो बोट, पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो, त्यामुळे निघताना कोण टाकी भरत बसतंय, पाव टाकी राहिली तरी पुढच्या वेळी बघू म्हणतो. मग वरच्या मोकळ्या जागेत खाडीची दमट हवा, रात्री थंड झाली की आत घाम धरतो, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून खाली बसतं, आणि जिथे पाण्याचा आणि डिझेलचा थर मिळतो तिथे जंतू वाढतात. काळा शेवाळ्यासारखा बुळबुळीत गाळ होतो. खाडीत सपाट पाण्यावर तो तळाला गप्प पडून असतो, बाहेर लाटा लागल्या की घुसळतो आणि खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. इंजिन बंद, ओढ संपली, की गाळ परत खाली. म्हणून दहा मिनिटांनी चालू.

खात्री करायला एक पैशाचं काम नाही. २० लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळून नवीन डिझेल भरा, टाकीकडून फिल्टरला येणारा पाईप काढून त्या जागी एक नळी कॅनमध्ये सोडा, आणि हे महत्त्वाचं, रिटर्नचा पाईपसुद्धा कॅनमध्येच सोडा नाहीतर इंजिन कॅनमधलं डिझेल परत तुमच्या घाण टाकीत ओतत बसेल आणि तुम्ही म्हणाल कॅन फुटला का काय. कॅन घट्ट बांधा, झाकण पूर्ण आवळू नका. असं करून लाटेत तासभर चाललं तर पंप, नोझल, सगळं ठणठणीत आहे आणि पंचेचाळीस हजार वाचले.

अजून एक संशयित आहे, त्याने मला एकदा चांगलाच घुमवला होता. खांदेरी बेटाच्या बाहेर होतो, मी आणि माझा दिंडोरीचा चुलतभाऊ, द्राक्षाची बाग आहे त्याची, समुद्राशी संबंध शून्य. वारा पडलेला, इंजिन बंद पडलं, मी दोन्ही फिल्टर बदलले, हवा काढली, चालू झालं, अर्ध्या तासात परत बंद. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर भाऊ म्हणला डिझेल तरी आहे का बघतो, आणि टाकीचं झाकण फिरवलं तर सुस्स्स करून हवा आत गेली. माझ्याकडे बघून म्हणाला, दादा टाकी श्वास घेत नाहीये तुझी, आमच्या ट्रॅक्टरचं पण असंच झालेलं. बाहेरच्या बाजूला टाकीच्या हवेची जी बारीक नळी निघते तिच्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, आत वाळक्या अळ्या भरून. पावसाळाभर बोट वर काढलेली होती तेव्हाचा उद्योग. तारेने खरवडून काढलं, वाळलेली माती पुडीभर निघाली. तेव्हापासून बोट उभी करताना त्या तोंडावर बारीक जाळी बांधतो. तर तुम्ही पण इंजिन बंद पडल्या पडल्या आधी झाकण उघडून कान द्या. सुस्स आवाज आला तर हवेची नळी, नाही आला तर गाळ.

गाळ असेल तर फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही, टाकी साफ करावीच लागते. हातपंपाला लांब तांब्याची नळी लावून टाकीच्या अगदी कोपऱ्यातल्या तळातून ओढा आणि काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, सकाळी पाणी खाली, मधे काळी साय आणि वर डिझेल असे थर दिसतील. जुन्या बोटींत खेचणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते, ती काढून टाका, तिथे हात पोचत नाही, गाळायचं काम बाहेरच्या फिल्टरने करावं. बाहेर काचेच्या वाटीचा वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर तो मात्र लावाच, पहिला १० मायक्रॉनचा, इंजिनावरचा २ मायक्रॉनचा राहू द्या. आणि निघताना टाकी भरून निघायची. कंटाळा आला तरी.

डिझेलच्या लाईनमधली हवा काढणं तुम्हाला येतंच असेल, नसेल तर कोणत्याही बागायतदाराकडे जाऊन ट्रॅक्टरची काढताना बघा, तेच आहे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला, फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा खटका हाताने दाबत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, मग एफआय पंपावरचा, शेवटी नोझलचा नट अर्धा आटा. खटका दाबला आणि काहीच जाणवलं नाही तर लगेच फीड पंप खराब म्हणू नका, त्याला हलवणारा आतला कॅम टोकावर अडकला असेल, इंजिन हाताने एक फेरा फिरवा. तांब्याचे वॉशर नवीन टाका, टेफ्लॉन टेप डिझेलच्या लाईनला अजिबात नको, तिचे धागे तुटून आत जातात.

आता ट्रॅक्टरवाल्याला माहीत नसलेली गोष्ट, आणि यात लोकांनी इंजिनं घालवलीयेत. बोटीच्या इंजिनात थंड करायचं समुद्राचं पाणी शेवटी सायलेन्सरमध्ये सोडतात आणि धुराच्या जोरावर बाहेर फेकलं जातं. तुम्ही सेल्फ मारत राहिलात आणि इंजिन चालू होत नसेल तर पंप पाणी ढकलतोय पण धूर नाही, मग सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारून चालू झालं नाही की पाण्याचा व्हॉल्व बंद करा, आणि चालू झाल्या क्षणी उघडा. मी किल्ली त्या व्हॉल्वच्या दांड्यालाच अडकवून ठेवतो, किल्ली हवी तर व्हॉल्वला हात लागतोच. आमच्या सौंच्या गॅस सिलिंडरच्या शिस्तीवरून सुचलेलं.

पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर पण उभं राहून मरतो बरं का, पाकळ्या एका बाजूला दबून तशाच वाकड्या राहतात. वर्षाला एक बदला, बसवताना ग्रीस नको, भांड्याच्या साबणाचा थेंब पुरे. जुन्याची एखादी पाकळी कमी दिसली तर ती पुढे पाईपात कुठेतरी अडकलीये, शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नका. रेवसच्या बाजूचं पाणी तर चहासारखं गढूळ, तिथे इम्पेलर झिजतोच लवकर.

आता तळातलं पाणी आणि बॅटरी. हे तुम्ही दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत पण मला एकच दिसतंय. आधी पाणी बोटाला लावून जिभेवर बघा, गोडं असेल तर पावसाचं, डोलकाठीतून नाहीतर डेकवरच्या फटीतून येतंय, त्याची घाई नाही. खारं असेल तर पहिल्यांदा शाफ्टचा ग्लँड बघा, पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं बूच. विहिरीवरच्या जुन्या पंपाला असायचा तसाच, आत पॅकिंगची दोरी, आणि तो थोडा गळायलाच हवा, शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब, उभा असताना जवळपास कोरडा. शाफ्ट फिरवून झाल्यावर ग्लँडला हात लावा, कोमट चालेल, चटका बसला तर जास्त आवळलाय.

समजा उभ्या बोटीत सेकंदाला एक थेंब गळतोय. दिवसाला साधारण ४ लिटर, पंधरा दिवसांत ६० लिटर. वाटतं केवढं पाणी, पण तुमचा तळातला ऑटोमॅटिक पंप मिनिटाला २०-३० लिटर फेकतो, म्हणजे पंधरा दिवसांचं काम तीन मिनिटांचं. तीन मिनिटांत बॅटरी मरते का? नाही मरत. मरते ती परत येणाऱ्या पाण्याने. पंप बंद झाला की उभ्या पाईपमधलं लिटर-दीड लिटर पाणी घसरून परत तळात येतं, तुमच्या बोटीचा तळ निमुळता असणार, तेवढ्यानेही फ्लोट, म्हणजे पंप चालू करणारा तरंगता खटका, वर उचलला जातो, पंप परत चालू, परत तेच पाणी वर, परत खाली. रात्रंदिवस एकच लोटाभर पाणी वरखाली. माझ्या बोटीत हे आम्ही रात्री झोपलो असताना कळलं, दर मिनिटाला घर्रर्र, घर्रर्र, आणि बाहेर पाण्याचा थेंब पडत नव्हता.

उपाय, फ्लोट पंपापेक्षा दोन-तीन इंच वर बसवा म्हणजे परत आलेलं पाणी त्याला पोचत नाही. लोक वनवे व्हॉल्व टाकायला सांगतील, मी टाकत नाही, कचऱ्याने अडकतो आणि नेमका पाणी शिरतं त्या दिवशी उघडत नाही. बॅटरीचं खरंखोटं करायला पूर्ण चार्ज करून तारा काढा आणि दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर लावा, १२.६-१२.७ असेल तर बॅटरी चांगली, तारा काढूनही १२.२ वर आली तर ती मेलीये, तिला सोलर लावून काही होणार नाही. चांगली असेल तर ५० वॅटचं पॅनल आणि कंट्रोलर लावून मोकळे व्हा. लेड अॅसिड अर्धी रिकामी करून पंधरा दिवस सोडली की ती परत पूर्वीसारखी होत नाही, हे इन्व्हर्टरवाल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

खारं पाणी आहे आणि ग्लँड कोरडा, असं असेल तर मग तळातल्या भोकांवरचा एकेक व्हॉल्व बघायचा, आणि इथे माझी चूक सांगतो. मी तळाखालचा एक व्हॉल्व खराब झाला म्हणून नाशकातूनच नळाच्या सामानाच्या दुकानातून चकचकीत पितळी बॉल व्हॉल्व नेला. तांब्या-पितळेच्या गावातला माणूस, म्हणलं पितळ ओळखतो मी. दोन वर्षांनी तो दांडा फिरवताना मानेतून हातात आला. तुटलेली कड बघितली तर आत गुलाबी, तांब्यासारखी, दाबली तर भुगा होत होती. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं ते जाळीदार तांबं, बाहेरून काही कळत नाही. नशीब ओहोटी होती आणि बोट चिखलात बसलेली. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक पडलं तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं, तुमचा तो पंप तिथे काय करणार. समुद्रासाठी कांशाचे म्हणजे ब्राँझचे, त्याच कामासाठी बनवलेलेच घ्या, आणि प्रत्येक व्हॉल्वशेजारी भोकात ठोकायला त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

स्टीलचं पण तसंच, सातपूर-अंबडच्या लेथवर तुम्हाला पाहिजे तो पिन, बुश, पट्टी सुंदर करून मिळते, रास्त भावात, पण मटेरियल ३१६ ग्रेडचं स्टेनलेस सांगा आणि ३१६ च आहे ना ते तपासून घ्या. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, दुकानदार लावून दाखवतो ते सोडून द्या. डोलकाठीच्या तारांवरून कापूस ओढत न्या, जिथे अडकला तिथे तार तुटलीये, एकही तंतू तुटला असेल तर ती तार बदलायची, चिकटवाचिकटवी नाही. बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजायला शाफ्टवर लावलेला जस्ताचा तुकडा अर्धा झिजला की नवीन, आणि त्याला रंग फासू नका, रंगाऱ्याला बाजूला उभं राहून सांगा, तो उत्साहात सगळंच रंगवतो.

शिडं मी मे अखेर काढून नाशकात आणतो. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर माणसं पण मोकळी मिळतात बोट वर काढायला. गच्चीत शिडं पसरून गोड्या पाण्याने धुतो, सावलीत वाळवतो. शेजारी दरवर्षी विचारतात लग्न कुणाचं म्हणून. शिवण नखाने खरवडून बघा, उन्हाने कापडाच्या आधी दोरा कुजतो, दोरा निघाला तर ताडपत्री शिवणाऱ्याकडून परत शिवून घ्या, फक्त ऊन सोसणारा पॉलिएस्टरचा दोरा आपण स्वतः नेऊन द्यायचा.

तर या खेपेला कॅन आणि दोन नळ्या घेऊन जा, बाकी काही उघडू नका. ग्लँडची दोरी बदलायची असेल तर तरंगत्या बोटीत काढायची नाही, पाणी धो धो आत येतं. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या ओहोटीला बोट चिखलात पूर्ण बसेल असा दिवस बघा, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी तेवढं उतरत नाही. माझ्याकडे गेल्या वर्षीची दोरी उरलीये, पाव इंची आणि तिच्याहून एक साईझ मोठी, दोन्ही. तुमची साईझ कळवा, शाफ्टची जाडी नको, शाफ्ट आणि ग्लँडची आतली भिंत यांच्यातली फट मोजून कळवा, गंगापूर रोडला आलात की घेऊन जा.