परसातली सापसुरळी आणि बरणीतलं बाळ

प्रश्न : परसातल्या चिऱ्याखाली गुळगुळीत अंगाचा, पालीसारखा प्राणी सापडला. मुलाने बरणीत ठेवलाय. तो म्हणतो सॅलमँडर, भाची म्हणते न्यूट. हे दोन वेगळे प्राणी आहेत का? आणि आमच्याकडे असतात का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, मुलाला बरणीजवळ बसवा आणि पुढच्या पायाची बोटं मोजायला सांगा. पाच भरतील आणि प्रत्येकाला बारीक नखी दिसेल. डोळ्यामागे कानाचं भोकही सापडेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत अंगावरचे तुकतुकीत खवले मला स्पष्ट दिसले. ती सापसुरळी आहे. सॅलमँडरला खवले नसतात, कानाचं भोक नसतं, पुढच्या पायाला बहुधा चारच बोटं असतात आणि कातडी बेडकासारखी ओलसर. तो बेडकाचाच भाऊबंद, पालीचा नव्हे.

आता घरातला वाद. हापूस हा आंबाच, पण परसातल्या रायवळाला कुणी हापूस म्हणत नाही. तसे सगळे न्यूट सॅलमँडरच असतात, पण सगळे सॅलमँडर न्यूट नसतात. आठशेच्या वर जातींमध्ये न्यूट म्हणजे एका कुळातली एक शाखा. बहुतेक न्यूट अंडी घालायला पाण्यात उतरतात. निम्म्याहून जास्त जाती मात्र अशा कुळातल्या आहेत ज्यांना फुप्फुसंच नाहीत. त्यांचा श्वास चालतो तो कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. हे कुळ जवळजवळ सगळं अमेरिकेतलं. आशियात त्यातलं कुणी नाही असंच आम्ही वर्गात शिकवायचो. मग दक्षिण कोरियात एक अमेरिकन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन दगड उलटत होता, आणि त्याला एक सापडला! २००५मध्ये त्या जातीची नोंद झाली. तेव्हा दगड उलटणाऱ्या मुलाला रागावू नका.

महाराष्ट्रात मात्र सॅलमँडर नाही. सह्याद्रीत बेडूक आहेत, आंबोलीच्या मातीत बेडकाचा बिनपायाचा भाऊ देवगांडूळ आहे, हा तिसरा भाऊ नाही. त्याला बघायला दार्जिलिंगकडे जावं लागतं. तिथे जोडपोखरीचं राखीव तळं त्याच्यासाठीच आहे. तपकिरी, खडबडीत, दोन्ही कुशींना गाठींची रांग. हा न्यूटच. चीनच्या युनानमधून १८७१मध्ये वर्णन झालेल्या जातीचंच नाव त्याला बरीच वर्षं चिकटलेलं होतं. २०१५मध्ये हिमालयातला वेगळा ठरला.

नावांचा घोळ माझ्याही वाट्याला आलाय. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या सॅलमँडरच्या दोन बरण्या शेजारी-शेजारी असत. एकीत मानेशी झालरीसारखे कल्ले असलेला ॲक्झोलॉटल, दुसरीत कल्ले नसलेला ॲम्बिस्टोमा. स्पॉटिंगच्या, म्हणजे नमुने बघून ओळखायच्या परीक्षेत मी दोघांची दोन कुळं लिहून आले. सर नुसते हसले आणि गुण शून्य. पहिला दुसऱ्याच्याच घरातलं न वाढलेलं बाळ असतं, ते बाळपणीच अंडी घालून मोकळं होतं! मग लेबलं तरी वेगळी का लावली होती, हे मात्र मी अजून विसरलेले नाही.

पण मोठमोठे लोकही इथे फसले होते. मेक्सिकोचे ॲक्झोलॉटल १८६४मध्ये पॅरिसला आले, तोवर शास्त्रज्ञ त्यांना निराळं प्रजातीनाव देऊन बसले होते. दुसऱ्याच वर्षी तिथले प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरील यांच्या टाकीत त्यांची पिल्लं वाढली. काहींचे कल्ले झडले, शेपटीवरचा पडदा गेला, अंगावर पिवळे ठिपके आले. जमिनीवरचा सॅलमँडर समोर उभा!

सापसुरळी विषारी असते हा समज खोटा आहे. बरणी आजच चिऱ्यापाशी आडवी करा, ती आपणहून निघून जाईल. शेपटीला धरून काढू नका, हातात फक्त शेपटीच राहील.