अंतरपाट हुकला, मग लाजाहोम का हुकला?

लग्नसराई ओसरली की समुपदेशक म्हणून एक तक्रार माझ्याकडे हमखास येते: "शूटिंगमध्ये चूक झाली, आता कॅमेरा हातात घ्यायची धास्ती वाटते." लग्न, गॅदरिंग, नाटकाचा प्रयोग, जिथे रिटेक नाही तिथली ही धास्ती. एका तरुण व्हिडिओग्राफरचं उदाहरण देते, ओळखीचे तपशील बदलून.

मंगलाष्टकं सुरू असताना त्यानं जागा बदलली. कॅमेरा चालूच होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. नव्या जागी चालू करायला म्हणून त्यानं बटण दाबलं आणि कॅमेरा बंद झाला. अंतरपाट दूर झाला, हार पडले; कार्डावर मात्र चाळीस सेकंद नुसता गालिचा, सांडलेल्या अक्षता आणि याच्या पायांची बोटं.

"असं व्हायलाच नको होतं," हे तो तीन भेटी सांगत राहिला. चौथ्या भेटीत मी विचारलं, "अंतरपाटानंतर तू काय केलंस?"

"कार्ड बघत होतो. परत परत."

"किती वेळ?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, लाजाहोमही गेला. कानपिळीसुद्धा."

इथे गाठ सुटली. अंतरपाट बटणामुळे गेला होता. लाजाहोम गेला तो 'व्हायलाच नको'मधल्या 'च'मुळे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955पासून मांडलेला विचार मला इथे नेहमी उपयोगी पडतो: आपल्याला कोसळवते ती घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली हटवादी मागणी. 'व्हायला नको होतं' म्हणणारा हळहळतो आणि पुढच्या विधीला उभा राहतो. 'च' लावणारा तिथेच थिजतो. मराठीत हे एका अक्षरात पकडता येतं, आणि ते ऐकायला मी कान तयार केलाय.

मग आम्ही दोघांनी कामाचं ठरवलं. बटण दाबल्यावर लाल खूण आणि पळणारे सेकंद, दोन्ही बघायचे. एक कॅमेरा तिवईवर, मांडव पूर्ण दिसेल असा, विधी संपेपर्यंत हलवायचा नाही. चूक कळली की वेळ लिहायची आणि कार्डाला हात न लावता पुढच्या विधीची चौकट लावायची. कार्ड चुकून फॉरमॅट झालं तर त्यावर एकही नवा शॉट घ्यायचा नाही, तेवढं कार्ड बाजूला ठेवायचं. नव्या शॉटखाली जुनं पुसलं गेलं की ते परत मिळवणं अशक्य होतं. पाहुण्यांचे मोबाइल व्हिडिओ त्याच दिवशी मागायचे, आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून, नाहीतर दर्जा घसरतो.

सगळ्यात अवघड होतं नवरीच्या वडिलांना सांगणं. फिल्म देताना ते त्यांना आपोआप कळण्याऐवजी आधी, स्वतः, समोर बसून. मी त्याच्याकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली: "अंतरपाटाचा क्षण माझ्या चुकीनं राहिला. पाहुण्यांकडचे व्हिडिओ मिळाले तर मी तो जोडून देतो."

ते रागावले. मग त्यांनीच नातेवाइकांना फोन लावले. नवरीच्या मावशीच्या मोबाइलमध्ये अंतरपाट सापडला, उभ्या चौकटीत, किंचित हललेला. आवाज मात्र स्वच्छ हवा होता. तो त्यानं मांडवात वेगळ्या ठेवलेल्या रेकॉर्डरवरून घेतला.