लहान मासेमारी बोटीसाठी विजेवर चालणारा विंडलास, म्हणजे नांगराचा दोर आणि साखळी ओढणारे यंत्र, निवडताना कशाचा विचार करावा?

तुम्ही विचारले आहे की, सात मीटर लांबीची फायबरची मासेमारी बोट आहे, वीज १२ व्होल्टची आहे, २० ते ३५ मीटर खोल पाण्यात दिवसातून पाच-सहा वेळा नांगर टाकावा आणि काढावा लागतो आणि पाठ आता साथ देत नाही. तर किती वॅटचा आणि कोणत्या प्रकारचा विंडलास घ्यावा? माझी बोटही साधारण एवढीच आहे आणि माझ्या पाठीनेच मला या यंत्रापर्यंत आणले. पहिल्यांदा मी ते चुकीच्या पद्धतीने बसवले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. आधी पाण्यात काय आणि किती सोडणार ते ठरवावे. ३५ मीटर खोली आणि पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची एक मीटर धरली, तर ३६ मीटर होतात. शांत हवामानात, बोटीवर जागे माणूस असताना, याच्या तिप्पट लांबी सोडली तरी नांगर धरतो. वारा वाढला की पाचपट ते सातपट लागते. हिशेबासाठी १० किलोचा नांगर, ८ मिलिमीटरची १० मीटर साखळी आणि १४ मिलिमीटरचा १५० मीटर नायलॉनचा दोर असा संच धरू. ही साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, म्हणजे १४ किलो. दोर साधारण १८ किलो. सगळे मिळून ४२ किलो. या वजनाच्या तिप्पट ते चौपट ओढ यंत्राने द्यावी असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे १२६ ते १६८ किलो.

येथे एक शंका रास्त आहे. पाण्यात पोलादाचे वजन सुमारे एक अष्टमांशाने कमी होते आणि नायलॉनचे तर दहा टक्केच उरते, मग तिप्पट कशासाठी? कारण यंत्र केवळ वजन उचलत नाही. नाळेवरच्या रोलरचे घर्षण, नांगराला चिकटलेला गाळ, प्रवाहाने दोरावर पडणारा ताण आणि लाटेवर नाळ वर उठली की बसणारा हिसका हे सारे त्यात मिळते. शिवाय माहितीपत्रकात ठळक छापलेली 'कमाल ओढ' ही बहुधा मोटर थांबण्याच्या बेतात असतानाची असते. सलग काम करताना यंत्र किती भार पेलते तो आकडा वेगळा आणि बराच लहान असतो. आपले ४२ किलो त्याच्याशी ताडून पाहावेत. या हिशेबाने तुमच्या बोटीला ५०० ते ७०० वॅटच्या वर्गातले यंत्र पुरते. त्याहून मोठे घेतल्यास नाळेवर वजन वाढते आणि तारा अधिक जाड लागतात.

हा हिशेब एका अटीवर उभा आहे, ती म्हणजे विंडलासने बोट ओढायची नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की बोटीवरचा दाब चौपट होतो आणि कोणतेही लहान यंत्र त्या दाबाविरुद्ध बोट पुढे खेचण्यासाठी बनवलेले नसते. इंजिन चालू करून बोट हळूहळू नांगराच्या दिशेने न्यावी आणि सैल पडलेला दोर तेवढा यंत्राने गोळा करावा.

आता प्रकार. आडव्या विंडलासमध्ये मोटर आणि साखळी पकडणारे खाचांचे चाक दोन्ही डेकच्या वर असतात. बसवणे सोपे, पण साखळी चाकाला साधारण पाव फेराच वेढते. उभ्या प्रकारात मोटर डेकखाली जाते आणि साखळी अर्धा फेरा वेढते, त्यामुळे पकड चांगली मिळते; मात्र खाली खोल कप्पा लागतो. या दोन्हींत साखळी आणि दोर चाकावरून सुटून आपल्या वजनाने खाली पडले पाहिजेत. साखळी पडते. भिजलेला, मिठाने ताठ झालेला दोर मात्र पडत नाही. तो चाकाखालीच ढीग करतो आणि अडकतो. चाकाखाली किमान ३० ते ४० सेंटीमीटर मोकळी उंची, तीही सगळा दोर आत आल्यावर उरलेली, असेल तरच हे प्रकार सुखाने चालतात. लहान मासेमारी बोटींच्या नाळेत तेवढी उंची क्वचितच असते.

म्हणूनच तुमच्यासारख्या वापराला, जिथे साखळी थोडी आणि दोर पुष्कळ आहे, मी ड्रमचा विंडलास सुचवेन. त्यात विहिरीच्या रहाटासारखा सगळा दोर आणि साखळी एकाच रुळावर गुंडाळली जाते. खाली पडण्याचा प्रश्नच नाही आणि दोर-साखळीचा सांधा चाकाच्या खाचांतून जाण्याची धास्ती नाही. मात्र ड्रमची जागा ठरलेली असते. दोर १४ ऐवजी ८ मिलिमीटरचा घेतला तर जागा जवळजवळ एक तृतीयांश लागते, म्हणून ड्रमवर बारीक दोर वापरण्याचा प्रघात आहे. तो आपल्या बोटीला पुरेसा मजबूत आहे ना, हे त्याच्या तुटण्याच्या भारावरून तपासावे आणि खडकाळ तळावर तो घासणार नाही एवढी साखळी पुढे ठेवावी. वीज गेली आणि तोच दोर हाताने ओढावा लागला तर तो तळहात कापतो, म्हणून जाड हातमोजे नाळेजवळच ठेवावेत. आणखी एक गोष्ट अशी की ड्रम भरत जातो तसा गुंडाळीचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. नेमके शेवटी, साखळी व नांगर वर येताना, ओढ सर्वांत कमी असते. त्यामुळे विक्रेत्याला भरलेल्या ड्रमची ओढ विचारावी.

तरीही खाचांच्या चाकाचाच विंडलास घेतलात, तर साखळी आणि चाक यांची जोडी जुळलीच पाहिजे. नुसते '१० मिलिमीटर' म्हणून चालत नाही. त्याच जाडीच्या साखळीत एका मानकाप्रमाणे कडीची आतली लांबी २८ मिलिमीटर असते, तर दुसऱ्याप्रमाणे ३०. दोन मिलिमीटरचा हा फरक साखळी उड्या मारायला पुरेसा आहे. दोर आणि साखळी शॅकलने, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या धातूच्या कडीने, जोडू नयेत. दोराचे पीळ साखळीच्या कडीत गुंफून सांधा करावा आणि दर मोसमात तो तपासावा, कारण तो तिथेच झिजतो.

माझी चूक तारांत झाली होती. बॅटरी मागे, नाळ सहा मीटर पुढे. मी १६ चौरस मिलिमीटरची तार टाकली. विंडलास निम्मा दोर ओढून मंदावत असे आणि ब्रेकर पडत असे. मी यंत्रालाच दोष देत राहिलो. पुढे हिशेब मांडला तेव्हा कळले. प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून सहा मीटरची तार बारा मीटर धरावी लागते. भाराखाली मोटर ८० अँपिअर घेत असेल, तर १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एक व्होल्टहून थोडे अधिक तारेतच खर्ची पडते, म्हणजे १२ व्होल्टच्या जवळजवळ नऊ टक्के. त्यात भाराखाली बॅटरीचे स्वतःचे व्होल्टेज उतरते ते वेगळेच. तीच तार ३५ चौरस मिलिमीटरची केली की ही घट अर्ध्या व्होल्टवर, म्हणजे चार टक्क्यांवर येते. तार बदलल्यावर तेच यंत्र न अडखळता चालू लागले. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी. खाऱ्या हवेत साधे तांबे आतून काळे पडत जाते.

बॅटरी रिकामी होईल ही भीती मात्र बहुतेकांना वाटते तेवढी खरी नाही. १०८ मीटर दोर मिनिटाला ३० मीटर वेगाने आला, तर पावणेचार मिनिटेही लागत नाहीत आणि ८० अँपिअरने सुमारे पाच अँपिअर-तास खर्च होतात. प्रश्न साठ्याचा नसून एकदम मोठा प्रवाह देण्याच्या ताकदीचा आहे. नांगर काढताना इंजिन चालू ठेवावे, आणि शक्य असेल तर इंजिन सुरू करण्याची बॅटरी स्वतंत्र राखावी, कारण नांगर निघालेला आणि इंजिन मुके ही अवस्था फार वाईट. ब्रेकर उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचाच, बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका जवळ बसवावा; बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधल्या तारेला कोणतेच संरक्षण नसते. या मोटरी सलग चालण्यासाठी नसतात, त्यामुळे दोन वेळा ओढण्यामध्ये त्यांना थंड होऊ द्यावे.

बसवताना यंत्र रोलरच्या सरळ रेषेत यावे, डेकखाली जाड आधारपट्टी असावी आणि पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडा इपॉक्सीने बंद करून मगच बोल्ट घालावेत, नाहीतर पाणी डेकच्या गाभ्यात उतरते.

नांगर लागल्यावर बोटीचा ताण विंडलासवर ठेवू नये. दोर खुंट्याला बांधावा. अन्यथा प्रत्येक लाटेचा हिसका थेट गिअरवर बसतो. नांगर निघत नसेल तेव्हाही हेच करावे: दोर सरळ उभा येईपर्यंत गोळा करावा, खुंट्याला आवळावा आणि लाटेवर उठणाऱ्या नाळेला तो उपटू द्यावा. खडकात मासेमारी करत असाल, तर साखळी नांगराच्या डोक्याकडे, म्हणजे फाळांच्या टोकाला, पक्की जोडून वरच्या कडीला फक्त बारीक दोरीने बांधावी. नांगर अडकला की ती दोरी तुटते आणि नांगर उलट्या बाजूने सुटून येतो.

विकत घेण्यापूर्वी वीज नसताना क्लच सैल करून नांगर सोडता येतो का आणि हँडलने दोर ओढता येतो का, हे दुकानात स्वतः करून पाहावे. आणि अडकलेल्या दोराला किंवा साखळीला हात लावण्याआधी, दर वेळी, ब्रेकर बंद करावा. बटणावर कोणाचा तरी पाय पडायला क्षणही लागत नाही आणि हे यंत्र हाताचे बोट ओळखत नाही.