लहान बाळाच्या मेंदूत गाठ असताना मणक्याचाही एमआरआय का सांगतात?

तुम्ही लिहिलंय की भाचा १९ महिन्यांचा आहे, सीटी स्कॅनमध्ये लहान मेंदूजवळ गाठ दिसली, आणि आता भूल देऊन मेंदूसोबत पूर्ण मणक्याचाही एमआरआय करायला सांगितलाय. खर्च उगाच वाढवताहेत का, अशी घरात शंका आहे.

मी बारा वर्षं एमआरआय विभागात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे गाठ कसली असेल यावर बोलणार नाही. पण मणक्याचा स्कॅन करून घ्याच. जमलं तर ऑपरेशनच्या आधी आणि एकाच भुलेखाली.

मेंदू आणि मज्जारज्जू एकाच पाण्यात असतात. या वयातल्या मेंदूच्या काही कर्करोगी गाठींच्या, म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा किंवा त्याहून दुर्मिळ एटीआरटीच्या पेशी त्या पाण्यातून खाली उतरून मज्जारज्जूला चिकटू शकतात. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे आजाराची जागा उठून दिसावी म्हणून देतात ते औषध, दिलं की तिथे पांढरा थर किंवा बारीक दाणे दिसतात. पुढचे उपचार किती कडक द्यायचे, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. ऑपरेशननंतर मात्र थोडं रक्त पाझरून त्याच जागी साचतं आणि तेही काही दिवस तसंच दिसू शकतं. एका बाळाचा आधी फक्त मेंदूचा स्कॅन झाला होता. ऑपरेशननंतर मणका केला, तर कमरेजवळ पांढरट रेघ. रक्त की आजार? आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडम खूप वेळ ती एकच प्रतिमा पुढेमागे करून बघत होत्या. शेवटी थांबून पुन्हा भूल, पुन्हा स्कॅन. आईबापाचे ते मधले दिवस कसे गेले, ते मी बाहेरच्या बाकावर पाहिलंय.

एटीआरटी बहुतेक ३ वर्षांखालच्या मुलांत आढळते. पेशी इतक्या दाटीवाटीने असतात की पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही, म्हणून डिफ्युजनच्या, म्हणजे ही हालचाल टिपणाऱ्या प्रतिमेत गाठ पांढरी आणि एडीसीवर, म्हणजे त्याच हालचालीच्या मोजमापाच्या नकाशावर, काळी दिसते. पण मेड्युलोब्लास्टोमाही असाच दिसतो. गाठ मध्यरेषेपासून बाजूला असणं, कडेला पाण्याच्या पिशव्या, आत रक्तस्राव यांवरून संशय घेता येतो, खात्री होत नाही. ती तुकडा तपासूनच होते. एटीआरटीच्या पेशींमध्ये बहुधा आयएनआय१ हे प्रथिन नाहीसं झालेलं असतं, पॅथॉलॉजीवाले तेच बघतात. तेव्हा स्कॅनचा रिपोर्ट हातात आल्या आल्या इंटरनेटवर ती नावं शोधत बसू नका, कळकळीने सांगतो. आणि पुढे कुणी पोटाची सोनोग्राफी सांगितली तरी दचकू नका. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातल्या दोषामुळे काही मुलांना मूत्रपिंडातही गाठ होते, म्हणून बघतात.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. जोखीम असते ती भुलेची, आणि म्हणून उपाशी ठेवण्याची वेळ काटेकोर पाळा. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम. बाळ रडतंय म्हणून आजीने पाजलेलं चमचाभर दूधही लपवू नका. सर्दी, खोकला, ताप असेल तर आदल्या दिवशीच कळवा.

करदोटा, वाळे, ताईत, दृष्टीच्या दोऱ्यातली सेफ्टी पिन, सगळं घरीच काढा. लोखंडाची वस्तू चुंबक ओढून घेतो. चांदीचा करदोटा ओढला जात नाही, पण तापू शकतो आणि नेमकी कमरेजवळची प्रतिमा खराब करतो. झोप लागेपर्यंत आईला जवळ थांबू द्या म्हणून विचारा, बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळते. मशीन खूप आवाज करतं, बाळाच्या कानांना आम्ही संरक्षण लावतोच.

निघताना फक्त फिल्म आणि रिपोर्ट घेऊन जाऊ नका. डायकॉम फाइल्सची, म्हणजे मशीनमधल्या मूळ डिजिटल प्रतिमांची सीडी मागून घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर तिथले डॉक्टर सगळ्या मूळ प्रतिमा स्वतः बघतील आणि बाळाला परत भूल द्यावी लागण्याची शक्यता कमी होईल.