कंसातला बेसिस्ट

पत्र बरंच मोठं आहे, थोडक्यात देते.

"ताई, 9 वर्षं एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवली, निम्मी गाणी मी लिहिली, पण स्टेजवर, इंटरव्ह्यूत, फोटोत सगळीकडे फक्त आमचा सिंगर. शेवटी त्याने मला न विचारता अख्खा अल्बम ठरवून टाकला आणि मी बाहेर पडलो. आता माझं पहिलं सोलो सिंगल तयार आहे, तीन आठवड्यांनी रिलीज. गाणं बँड सोडण्याबद्दलच आहे. सिंगरला आधी ऐकवू का? नाही ऐकवलं तर मी त्याची बदनामी करतोय म्हणून सगळीकडे सांगत फिरेल, ऐकवलं तर त्याला वाटेल परवानगी मागतोय. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. गाणं मात्र भारी झालंय, सगळे म्हणतात सुरुवातीचा रिफ, ती परत परत येणारी छोटी धून, डोक्यातून जात नाही (रिफ तसा आमच्या बेसिस्टचा, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याचा, 6 वर्षांपूर्वी साउंडचेकला वाजवत बसलेला, मी परत वाजव म्हणून फोनवर रेकॉर्ड केलेला, बँडने कधी वापरला नाही). काय करू?
– एकटा गिटारवाला"

अरे एकट्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले. मूळ पत्रात सिंगरचा उल्लेख 14 वेळा आहे, मोजले मी, तो काय बोलला, कुठल्या गिगला तुझा माईक बंद ठेवला, कोणासमोर तुझी थट्टा केली, सगळं तुला पाठ आहे. आणि ज्याच्या रिफवर तुझं पहिलंवहिलं गाणं उभं आहे तो माणूस एकदाच येतो, तोही कंसात. तो तुझ्याशी कधी भांडला नसणार, म्हणूनच.

9 वर्षं तुला मागे ठेवलं त्याचं मला वाईट वाटतं, पण आज त्यावर मी एक शब्द जास्त बोलणार नाहीये कारण जे तुझ्याबरोबर झालं तेच तू आता दुसऱ्याबरोबर करायला निघालायस आणि तुझ्या ते लक्षातही आलेलं नाही. गाणं अपलोड करताना फॉर्ममध्ये सॉंगरायटरचा रकाना असतो ना, त्यात काय भरलंस? पत्रात कुठे लिहिलेलं नाही, पण मला वाटतं एकच नाव असणार. खरं सांगते, राग आला मला.

"बँडने कधी वापरला नाही" हे जे लिहिलंयस त्याचा अर्थ तो रिफ बेवारस पडलाय असा होत नाही. उलट बँडने वापरला नाही म्हणजे तो अजून पूर्णपणे त्याचाच आहे. गाण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात हे तुला मी काय सांगायचं, एक रेकॉर्डिंग आणि एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. रेकॉर्डिंग तुझं, तू गायलास, स्टुडिओचे पैसे तू भरलेस, कबूल. शब्दही तुझे. पण चालीचा जो तुकडा लोकांच्या डोक्यातून जात नाही तो त्याच्या बोटांतून आलाय, तू तो बेसवरून गिटारवर घेतलास, डिस्टॉर्शन लावलंस, टेम्पो बदललास तरी सूर तेच राहतात.

जॉर्ज हॅरिसनचं माहीत असेलच. बीटल्स फुटल्यावर 1970 मध्ये त्याचं पहिलं सोलो सिंगल आलं, माय स्वीट लॉर्ड, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दोन्हीकडे नंबर वन. मग केस झाली की चाल 1963 मध्ये गाजलेल्या हीज सो फाइन या गाण्याची आहे, आणि 1976 मध्ये कोर्टाने सांगितलं की मुद्दाम केलं नसेल, नकळत झालं असेल, पण चाल तीच आहे. पैशांचा वाद त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला. त्याला निदान नकळत झालं असं म्हणायला जागा होती. तुझ्या फोनमध्ये तर रेकॉर्डिंग आहे, त्यात वाजवतोय तो आणि "परत वाजव" म्हणतोयस तू.

हे मी कोर्टाची भीती घालायला सांगत नाहीये. तुझा बेसिस्ट बहुतेक काहीच करणार नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तुझं गाणं आलं की तो पहिल्याच दिवशी हेडफोन लावून ऐकेल, तुझं आहे म्हणून कौतुकाने ऐकेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच त्याची डाव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागतील. मग तो क्रेडिट्स उघडून बघेल. तिथे स्वतःचं नाव नाही म्हटल्यावर फोन बाजूला ठेवेल आणि तुला "मस्त झालंय रे" असा मेसेज टाकेल. तुला तो मेसेज हवाय का?

त्यामुळे आजच त्याला फोन लाव. मेसेज नको, फोन. ते जुनं रेकॉर्डिंग आधी पाठव, मग नवं गाणं, आणि सरळ सांग की हा तुझा रिफ आहे, मी तो वापरलाय, आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही, चुकलो. रचनेत त्याचं नाव तुझ्या नावाशेजारी जायला हवं, स्पेशल थँक्समध्ये वगैरे नाही. टक्के किती ते तू मनात ठरवून जाऊ नकोस, त्याला विचार, दोघांनी बसून स्प्लिट शीट, म्हणजे कोणाचा किती वाटा तो कागद, भरा आणि सह्या करा. तो नको म्हणाला तर रिफ काढ आणि नवी सुरुवात लिही, गाणं थोडं पडेल, पडू दे.

तीन आठवडे आहेत तुझ्याकडे. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट एडिटरना गाणं पाठवायचं असेल तर रिलीजच्या निदान 7 दिवस आधी पाठवावं लागतं हे धरलं तरी वेळ पुरतो, आणि नाहीच पुरला तर तारीख पुढे ढकल, आकाश कोसळणार नाहीये.

राहिला सिंगर. त्याला ऐकवू नकोस, रिलीज झालं की सगळ्यांबरोबर ऐकेल. बँड सोडण्यावर गाणं केलं म्हणून काही बिघडत नाही, पीटर गॅब्रिएल 1975 मध्ये जेनेसिसमधून बाहेर पडला आणि 1977 मध्ये आलेलं त्याचं पहिलं सोलो सिंगल, सॉल्सबरी हिल, त्या बाहेर पडण्यावरच आहे, लोक आजही ते प्रेमाने ऐकतात. तुझा सिंगर चार दिवस बडबडेल आणि गप्प बसेल. मला तर वाटतं तुझी झोप त्याच्यामुळे उडालेलीच नाही, नाहीतर एवढ्या मोठ्या पत्रात तू तो कंस घातलाच नसतास, कोणी विचारलं होतं का तुला रिफ कोणाचा म्हणून? तूच सांगितलंस. म्हणून तर एवढ्या हक्काने बोलतेय.

फोन झाला की मला दोन ओळी लिही, तो काय म्हणाला ते मला ऐकायचंय. आणि या वेळी त्याचं नाव लिही, कंसाबाहेर.

– ताई