वाचकांचे प्रश्न: ‘फायनल’ म्हणजे नक्की कशाला?

प्रश्न: बार्शीजवळ आमचा मंडप, खुर्च्या आणि लग्नाची भांडी भाड्याने द्यायचा वडिलांपासूनचा धंदा आहे. निम्मी गिऱ्हाईकं आता पुण्या-मुंबईची. लग्न गावाकडे करतात, पण दुकानाची पायरी चढत नाहीत. सून म्हणते, कोटेशनची लिंक पाठवू, तिथेच ते मंजूर करतील, बोटाने सही करतील, विसार भरतील. मला धास्ती वाटते. उद्या वाद झाला तर अशी सही टिकेल का? आणि लिंक बघून गिऱ्हाईक बिचकणार नाही का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: दादा, सूनबाईंचं ऐका. कराडला माझं असंच दुकान आहे. कागदी पावतीपुस्तकापासून लिंकपर्यंत सगळं मी स्वतः केलंय, म्हणून खात्रीने सांगते.

आधी सहीचं बघू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातल्या कलम १०-अ नुसार, करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून तो बाद ठरत नाही. आधारच्या ओटीपीने होणाऱ्या ई-सहीला कायद्याने सहीचा दर्जा दिलाय, बोटाने गिरवलेल्या सहीला तो नाही. पण खुर्च्या-भांडी भाड्याने द्यायला सही हवीच, असं १८७२ चा करार कायदाही म्हणत नाही. तोंडी ठरलेलंही बांधील असतं, फक्त ते सिद्ध करताना घाम फुटतो. बोटाची सही, तिची तारीख-वेळ, ज्या नंबरवर लिंक गेली तो नंबर आणि त्याच व्यवहारात आलेला विसार, एवढं एकत्र असलं की पुरावा चांगला उभा राहतो. तो मूळ रूपात जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, म्हणजे पुराव्याच्या कायद्यात, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नोंद कोणत्या उपकरणातून, कशी काढली ते त्यात सांगायचं असतं. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, आणि जुना मोबाइल देऊन टाकण्याआधी विचार करा.

मला मात्र तुमच्या सहीपेक्षा दुसरीच काळजी वाटते. गिऱ्हाईक ‘हो’ म्हणालं ते नेमकं कशाला? एका लग्नाला मी तीन कोटेशनं पाठवली होती. पहिल्यात २५० खुर्च्या, दुसऱ्यात ४०० खुर्च्या आणि जनरेटर. भाव जास्त वाटला म्हणून मुलीकडच्याच एकाने फोनवर जनरेटर काढायला सांगितला, तसं तिसरं पाठवलं. मग त्यांचा मेसेज आला, ‘चालेल, फायनल.’ तो आला स्टेजच्या फुलांच्या फोटोखाली! हळदीच्या रात्री वीज गेली आणि मुलीचे मामा माझ्यासमोर उभे, ‘जनरेटर कुठाय? आम्ही फायनल केला होता.’ ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मोबाइलवर दुसरं कोटेशन होतं, माझ्याकडे तिसरं. शेजारच्या गावातून जनरेटर आणवला, भाडं मी सोसलं. त्या अंधारात हळद लावून बसलेल्या पोरीचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून प्रत्येक कोटेशनला नंबर असतो. बदल झाला की नवा नंबर, आणि जुनी लिंक बंद. कोणी लिहिलं की ‘मंजूर, पण वाहतूक तुमची’, तर ती मंजुरी नव्हे. करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे होकार पूर्ण आणि बिनशर्त लागतो. वाहतूक घालून नवं कोटेशन पाठवायचं आणि त्यावर सही घ्यायची.

पैशांच्या दोन ओळी वेगळ्या ठेवा: विसार आणि अनामत. विसार भाड्यात वळता होतो. अनामत मोडतोडीपोटी असते, बाकी परत जाते. जीएसटी नोंदणी असेल तर विसार हातात येताच त्यावर कर लागू होतो. परत करायच्या अनामतीवर, ती भाड्यात वळती करेपर्यंत, लागत नाही. दोन्ही एकाच रकमेत घेतलंत तर हिशेबनीसाची डोकेदुखी आणि गिऱ्हाइकाचा संशय, दोन्ही पदरात. लग्न रद्द झालं तर किती परत मिळेल तेही तिथेच लिहा. सगळाच विसार गिळायचा विचार असेल तर थांबा, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते.

लिंकला लोक बिचकतात, आणि बिचकायलाच हवं. आधी फोन करा, ‘अमुक नंबरचं कोटेशन पाठवतोय, एवढा विसार आहे,’ आणि मगच लिंक पाठवा. यूपीआयने पैसे भरताना समोर नाव येतं, ते कोटेशनवरच्या दुकानाचंच असू द्या. आमच्याकडे सुरुवातीला खातं मुलाच्या नावावर होतं, ते अनोळखी नाव बघून माणसं पैसे न भरता फोन करायची. आणि पैसे परत द्यायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. तुमच्या नावाने दुसरं कोणी फोन केला तरी ते सावध राहतील.

आता सूनबाईंनाही एक सांगते. सही करतो मुंबईचा मुलगा, पण टेम्पोतून माल उतरवून घेतो आचारी नाहीतर चुलतभाऊ. परतताना चार झारे कमी, एका पातेल्याला पोचा, आणि तो म्हणतो, ‘मी कुठे मोजलं होतं?’ म्हणून कोटेशनमध्येच रकाना ठेवा: माल कोण उतरवून घेणार, त्याचं नाव आणि मोबाइल. टेम्पो पोहोचला की मोजदाद करून त्याच्या मोबाइलवर यादी पाठवायची आणि त्याचीही सही घ्यायची. भांडी ओळीत मांडून एक फोटो, त्यात पातेल्यांचे काठ आणि बूड दिसलं पाहिजे. आमच्याकडे भांडणं मिटली ती याच दुसऱ्या सहीने.

लग्नसराईत लिंकला ४८ तासांची मुदत घाला. एकाच मुहूर्तावर दोन घरं असली तर ज्याचा विसार आधी जमा होईल त्याचा मंडप, हे दोघांनाही लिंक पाठवतानाच सांगा. आणि साधा फोन वापरणारे जुने लोक येतील, त्यांच्यासाठी तेच कोटेशन, तोच नंबर छापून ठेवा आणि पेनाने सही घ्या.